बिनआवाजाचं हसू

माझे वडील आज हयात आहेत ते मालन सिस्टरमुळे. हे वाक्य आधी लिहून ठेवतो, बाकीचं मागून. मला लिहायची सवय नाही, आठवीतच शाळा सुटली, आणि एकदा सांगायला बसलो की मी भलतीकडंच जातो असं बायको म्हणते. म्हणून निदान हे एक तरी जागेवर राहू दे.

मालन सिस्टर म्हसवडला आमच्या घरासमोरच्या दोन खोल्यांत राहायच्या. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. माहेर आष्ट्याचं, तिकडं वाळवा तालुक्यात, पाण्याच्या मुलखात. नोकरीनं त्यांना आमच्या कोरड्या माण तालुक्यात आणून टाकलं. नवरा लवकर गेला. एकुलती मुलगी वर्षा, ती लग्न होऊन सांगलीला गेली. निवृत्तीनंतर बाई माहेरी जातील असं सगळ्यांना वाटत होतं, पण त्या गेल्या नाहीत. बुटक्या, रुंद हाडाच्या. अंगावर साडी कुठलीही असो, पायात दवाखान्यातले पांढरे कॅनव्हासचे बूट. लग्नालाही तेच. कुणी हसलं तर म्हणायच्या, "हसा की. मला तेवढंच पाहिजे."

मी सेलमला असतो, तामिळनाडूत. सोन्याची गलाई करतो, म्हणजे सराफांकडचं जुनं, भेसळीचं सोनं वितळवून शुद्ध करून द्यायचं. आमच्या भागातली निम्मी माणसं याच कामानं देशभर पांगली आहेत. शाळा सुटल्यावर मामाबरोबर आलो तो सव्वीस वर्षं झाली, इथंच आहे. स्वभावानं भित्रा. गावाकडचा फोन वाजला की आधी खाली बसतो, मग उचलतो. मालन सिस्टरना हे कुणी सांगितलं नव्हतं, पण त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. हॅलो नाही, कसा आहेस नाही. "आण्णा बरे हायत. आता ऐक." मग पुढं काय असेल ते. दुखणं असो, पडणं असो, आधी ते वाक्य. तेवढ्यानं माझा जीव जागेवर यायचा.

आण्णा म्हणजे माझे वडील. एस.टी.त कंडक्टर होते. चार वर्षांपूर्वी आई गेली आणि ते बोलायचे थांबले. तेरावं झाल्यावर मी त्यांना सेलमला आणलं. दोन महिने राहिले. "इथं मी कुणाशी बोलू, भिताडाशी?" एवढं एक वाक्य बोलून परत गेले. चुलत्यांच्या घरून डबा जायचा आणि तसाच परत यायचा. खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडायचे. छातीत कफ साठायला लागला. बी.पी.ची गोळी घेतली तर घेतली. एक दिवस फोन आला.

"आण्णा बरे हायत. आता ऐक. बरे हायत म्हंजे जिते हायत, एवढंच. तू लांब हाईस, तुला तिथनं काय करता येणार न्हाई. मी बघते. पर माझ्या मधी पडू नगंस."

इथं एक गोष्ट लिहायला पाहिजे. लिहिताना लाज वाटते. मालन सिस्टर बौद्ध समाजाच्या. आमच्या घरात त्यांच्यासाठी कप वेगळा होता. निळ्या काठाचा, खिडकीत पालथा घातलेला. आईच्या प्रत्येक बाळंतपणात, प्रत्येक तापात ही बाई आमच्या घरात राबली आणि चहा त्या कपात प्याली. कधी बोलल्या नाहीत. आई गेल्यावर एका सकाळी त्या सरळ आमच्या स्वयंपाकघरात शिरल्या. पहिल्यांदाच. चहा केला. बाकीची भांडी खरकटी पडलेली, म्हणून खिडकीतला तो कप घेतला, त्यात चहा ओतला आणि आण्णांच्या हातात दिला. आण्णांनी कपाकडं बघितलं, त्यांच्याकडं बघितलं आणि प्याले. हे मला आण्णांनीच पुढं कधीतरी सांगितलं, तेही दुसऱ्याच कशाबद्दल बोलताना.

त्याच्याआधी दोन वर्षं सिस्टरनी म्हाताऱ्या माणसांना हसवायचं काम काढलं होतं. रोज सकाळी सात वाजता, बाजारपटांगणातल्या पत्र्याच्या शेडात. दहा-बारा माणसं. लोक त्याला हास्य क्लब म्हणायचे, त्या मात्र "छातीची झाडलोट" म्हणायच्या. "म्हातारपणी माणूस वरच्यावर श्वास घेतंय. फुफ्फुसाचा तळ वापरातच येत न्हाई. मग कफ तिथं बिऱ्हाड करतोय. पोटापासनं हसलं की तळ हालतो. भूक लागती, रातीला झोप येती. आणि चार माणसांची तोंडं बघाय मिळत्यात, ती गोळी कुठल्या दुकानात भेटत न्हाई." सुरुवात खोट्या हसण्यानं करायची. पाच मिनिटं हॅ हॅ हॅ करत हात वर-खाली. मग कुणाची तरी कवळी हलायची, कुणाचं धोतर सुटायला यायचं, आणि खरं हसू आपसूक यायचं. सुरू करायच्या आधी म्हाताऱ्यांच्या घोळक्यासमोर बिनदिक्कत ओरडायच्या, "बायांनो, लघवीला जाऊन आलासा का? मागनं मला सांगू नगा." कुणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं तर महिनाभर गालात हसायचं, जोर लावायचा नाही. हर्निया असलेल्यानं नुसत्या टाळ्या वाजवायच्या.

आण्णांना तिथं नेणं सोपं नव्हतं. आमच्यात वर्षश्राद्ध होईपर्यंत घरात सण नाही, गोडधोड नाही. अशात आईला जाऊन सहा महिने होताहेत आणि म्हातारा चौकात बसून हसतोय, असं कोण करेल? चुलते दारात येऊन सिस्टरना म्हणाले, "बाई, आमच्या घरात दुखवटा हाय. तुमचा खेळ तिकडं करा." सिस्टर म्हणाल्या, "व्हय नाना. खरं हाय." आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी आण्णांच्या खाटेशी येऊन बसल्या.

"आण्णा, एक काम हुतं. आमच्यातलं एकबी माणूस टायमावर थांबत न्हाई. सुरू झालं की सुटलंच. तुमी तीस वर्षं बेल मारलीया. तुमी हसायचं न्हाई, दुखवटा हाय तुमाला. नुसती डबल बेल मारली की आमी सुरू, सिंगल मारली की बंद. कराल का?"

आण्णांनी चार महिन्यांत पहिल्यांदा प्रश्न विचारला. "बेल कुठाय?"

"शेडाचा खांब लोखंडी हाय. किल्ली घ्या."

दुसऱ्या दिवशी आण्णा कडक इस्त्रीचा सदरा घालून गेले. किल्लीनं खांबावर टण टण. सगळे हसायला लागले. टण. सगळे गप्प. चुलते लांबून बघत उभे होते. म्हातारा हसत नव्हता, ड्युटी करत होता, त्याला बोलणार काय? दीड महिना आण्णांनी अशी ड्युटी केली. तोंडाची रेघ हलली नाही. मग एका सकाळी सिंगल बेल मारूनही भिकू तात्या नावाचे एक गृहस्थ हसायचे थांबेनात. आण्णा ओरडले, "ओ, खाली उतरा. स्टॉप आला तुमचा." आणि स्वतःच फिस्सकन हसले. सिस्टरचा फोन आला तेव्हा मी भट्टीपुढं होतो. "आण्णा बरे हायत. आता ऐक." पुढं बराच वेळ नुसता नाक ओढल्याचा आवाज. मला वाटलं, आता काय. मग म्हणाल्या, "हसला रं तुझा बा."

महिन्याभरात डबा रिकामा परत जायला लागला. कफाचा आवाज कमी झाला. मी सिस्टरना म्हणालो, तुमी देव हायसा. त्या चिडल्या. "देव नगं म्हणू. गोळी घेत्यात न्हवं येळंवर, म्हणून. त्याच्या जोडीला हे." तेव्हा हे वाक्य मला साधं वाटलं होतं.

त्याची किंमत भिकू तात्यांनी मोजली. हसून त्यांचा बी.पी. खरोखरच थोडा खाली आला होता. मशीनवरचा आकडा त्यांनी सगळ्या गावाला सांगितला, आणि घरी जाऊन गोळ्या बंद केल्या. कुणाला सांगितलं नाही. दीड महिन्यानं एका सकाळी हसता हसता त्यांचं तोंड एका बाजूला गेलं. सगळ्यांना वाटलं, तात्या मुद्दाम तोंड वेडंवाकडं करून हसवतोय. सगळे आणखी जोरात हसले. एकट्या सिस्टर हसल्या नाहीत. धावत जाऊन त्यांनी तात्यांना धरलं, "हात वर करा, दोनी," म्हणाल्या, एकच हात वर गेला. अर्ध्या तासात त्यांना गाडीत घातलं आणि साताऱ्याला नेलं. तात्या वाचले. डावा हात तेवढा कायमचा अधू राहिला.

पंधरा दिवस शेड रिकामं होतं. आण्णा रोज किल्ली घेऊन जायचे आणि परत यायचे. मी फोन केला तर सिस्टर म्हणाल्या, "गोळीच्या जोडीला हाय, गोळीच्या जागी न्हाई. एवढं मी रोज सांगाय पाहिजे हुतं. मला वाटलं, शहाणी माणसं हायत." मी म्हणालो, तुमची काय चूक. "तुला कळतंय का त्यातलं?" असं तोडून बोलल्या. लगेच म्हणाल्या, "कळतंय. शाळा सोडलीस म्हणून काय अक्कल सोडलीस का? पर आज नगं समजूत घालू." सोळाव्या दिवशी शेड सुरू झालं ते नव्या नियमानं. प्रत्येकानं यायचं ते गोळीचं पाकीट घेऊन, कालची गोळी काढलेली दाखवायची, मगच बसायचं. पाकीट विसरलं की घरी परत. भिकू तात्यांचं पाकीट त्या स्वतः त्यांच्या घरी जाऊन बघायच्या आणि तिथंच त्यांच्या हाताला चोळून द्यायच्या, रोज.

मी वर्षातनं एकदा, सिद्धनाथाच्या यात्रेला, चार दिवस जायचो. शेडात मात्र कधी जाऊन बसलो नाही. सकाळी उठवायचं नाही, प्रवासातनं आलाय, असं आण्णाच सांगायचे आणि मी झोपायचो. पण रविवारी सात वाजता सिस्टर त्यांचा फोन खांबाला टांगायच्या आणि मला व्हिडिओवर सगळ्यांची तोंडं दाखवायच्या.

गेल्या वर्षी दिवाळीनंतरचा असाच एक रविवार. फोन लागला. मधे सिस्टर, भोवती सगळे. हात वर गेलेले, तोंडं उघडी, खांदे गदागदा हलताहेत, पण आवाज नाही. मी फोनचा आवाज वाढवला. बंद करून परत लावला. "आवाज येत न्हाई, आवाज येत न्हाई," असं इकडून ओरडलो. तेवढ्यात शेडामागं कुणाची तरी म्हैस ओरडली. ती स्पष्ट ऐकू आली.

आण्णा खांबाजवळ तोंड आणून म्हणाले, "आवाज बरोबर हाय रं. नवा प्रकार हाय ह्यो. सिस्टरनं काढलाय. बिनआवाजाचं हसायचं. लय अवघड. करून बघ."

मी करून बघितलं. सेलमला, खोलीत एकटाच, तोंड उघडून खांदे हलवले. सिस्टर पडद्यावरनं माझ्याकडं बघत होत्या. त्यांनी हात वर करून शाबासकी दिली. पुढचे तीन-चार महिने तोच प्रकार चालू होता. म्हाताऱ्यांना भारी आवडला. कुणाला जास्त चांगला जमतो याची पैज लागायची. आण्णांचा नंबर वरचा होता.

खरी गोष्ट अशी होती की सिस्टरना हसताच येत नव्हतं. त्यांची फुफ्फुसं आतून कडक होत चालली होती. आवाज काढला की खोकल्याची ढास लागायची आणि श्वास तुटायचा. त्यांना ते कळलेलं होतं, त्या नर्स होत्या. शेड बंद पडू नये म्हणून त्यांनी नुसतं तोंड उघडून खांदे हलवायला सुरुवात केली. म्हातारी माणसं बघून बघून करणारी. त्यांना वाटलं, आजचा प्रकार असा. सिस्टरनी त्यांना तसं वाटू दिलं. भिकू तात्यांच्या वेळी खरं काय ते ओळखणारं एक माणूस त्या घोळक्यात होतं. या वेळी ते माणूस स्वतःच मधे उभं होतं.

चैत्रात फोन आला. पडद्यावर मालन सिस्टर असं नाव. मी उचलला आणि पहिल्या वाक्याची वाट बघत राहिलो.

"दादा, मी वर्षा. आईला सांगलीत दवाखान्यात ठेवलंय. गावात माझ्याकडं राहायला आली एवढंच माहीत आहे, आण्णांना सांगू नका म्हणते. तुम्हाला बोलावलंय."

बेंगळुरूवरून मिरजेची गाडी धरून पोचलो. एका दिवसाची सुट्टी होती. सिस्टर कॉटवर बसून होत्या, आडवं झालं की श्वास पुरायचा नाही. तोंडाला ऑक्सिजनचा मास्क. पायात मोजे. मला बघून मास्क खाली ओढला. "आण्णा गोळी घेत्यात?" हो म्हणालो. "पाकीट बघितलंस?" नाही म्हणालो. त्यांनी मान हलवली, नाराजीनं. मी स्टुलावर बसलो. काय बोलायचं ते गाडीत पाठ केलं होतं, ते सगळं गेलं.

मग त्या तुटक तुटक बोलत राहिल्या. दोन शब्द, मग मास्क, मग दोन शब्द.

"माझी आई हाय आष्ट्यात. भावाकडं. नव्वदीची." मास्क. "निवृत्त झाल्यावर जाणार हुते तिच्यापाशी. मग शेड निघालं. मग म्हटलं, तात्यांचा हात सुधरू दे." मास्क. "तू तुझ्या बापापास्नं पळालास. मी माझ्या आईपास्नं. तुझ्या बापाला मी हसवलं. तिला कोण?"

मी म्हणालो, "सिस्टर, बोलू नगा, त्रास हुतोय."

"बोलू दे. तिला ऐकाय येत न्हाई. लय मोठ्यानं बोलावं लागतंय. आता माझा आवाज निघंना." पुन्हा मास्क. "रोज फोन करते. ती हॅलो हॅलो करती. मी बोलते, तिला पोचत न्हाई. तिला वाटतंय, पोरगी रुसलीया. फोन करती आणि बोलत न्हाई."

वर्षा शेजारी उभी होती. "आजीला मी किती ओरडून सांगितलं, आईचा घसा बसलाय म्हणून. तिला वाटतं, मी आईची बाजू घेते."

आष्टा सांगलीहून तासाभराच्या आत. मी घड्याळात बघितलं. माझी गाडी संध्याकाळची. म्हणालो, "मी जाऊन येऊ का आता? सांगतो आजींना."

सिस्टरनी माझ्या तोंडाकडं बघितलं. माझा भित्रेपणा त्यांच्याइतका कुणीच ओळखला नव्हता. "नगं. गाडी चुकंल तुझी. पुढच्या खेपेला जा." आणि मला बरं वाटलं. लिहिताना लपवत नाही, मला त्या वेळी बरं वाटलं.

सहाव्या दिवशी त्या गेल्या.

आण्णांना मी फोनवरनं सांगितलं. दवाखाना, फुफ्फुसं, दिवाळीपासून सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे ती हसत नव्हती." पुढं म्हणाले, "आमी तिची नक्कल करत हुतो. मी सगळ्यात चांगली करायचो." आणि फोन ठेवला.

आता म्हातारी माणसं सकाळी शेडात जाऊन नुसती बसतात. सुरू कुणी करायचं हे कुणाला कळत नाही. बेल मारा म्हटलं तर आण्णा मारत नाहीत. कफाचा आवाज पुन्हा यायला लागला आहे, फोनवर मला ऐकू येतो. गोळी घेतली का विचारलं तर हो म्हणतात. पाकीट बघायला कुणी नाही. मालकाला मी सांगून ठेवलंय, मला गावाकडं जायचं आहे, या वेळी चार दिवसांसाठी नाही. तो विचारतो, किती दिवसांसाठी? बायकापोरांचं काय, कामाचं काय, हे सगळं रोज डोक्यात फिरतं.

सिस्टरच्या आईला वर्षाच्या मामांनी सांगितलं, मालन गेली. वर्षा म्हणते, आजी रडली नाही. "शेवटपर्यंत बोलली न्हाई माझ्याशी," एवढंच म्हणाली आणि तोंड फिरवून बसली. अजून तशीच बसते.

त्या दिवशी सिस्टरचा निरोप घेऊन मी वॉर्डाच्या दारापर्यंत आलो होतो. वर्षा औषध आणायला खाली गेली होती. पिशवी विसरली म्हणून मागं वळलो. सिस्टरचं माझ्याकडं लक्ष नव्हतं. त्यांनी एका हातानं मास्क हनुवटीखाली ओढून धरला होता आणि दुसऱ्या हातानं फोन कानाला. ओठ हलत होते. मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. थांबायच्या, मास्क लावायच्या, श्वास घ्यायच्या आणि पुन्हा मास्क ओढून तोंड फोनजवळ न्यायच्या. दहा पावलांवर मी उभा, मलाही एक शब्द ऐकू आला नाही. "आई" हा शब्द तेवढा ओठांवरनं ओळखू आला, तीन वेळा. मी पिशवी तिथंच सोडली आणि गाडीला गेलो.

हे बघणारा मी एकटाच आहे. सिस्टर, मी आष्ट्याला जाणार आहे. अजून गेलो नाही, हेही खरं. पण जाणार आहे, तुमच्या भावाचं घर विचारत जाईन, तुमच्या आईच्या कानाशी बसेन आणि ऐकू जाईपर्यंत ओरडून सांगेन, की तुमची मालन रुसली नव्हती, ती रोज तुमच्याशी बोलत होती, मी तिला बोलताना बघितलंय.